मालीशच्या फळीवर मी खोटं बोलले

माझी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली होती आणि मी तिला 'उष्णता' म्हणत होते.

या वाक्यापाशी कुणाला नाक मुरडावंसं वाटत असेल तर खुशाल मुरडावं. तीन वर्षं मी याच विषयावर पत्रकं लिहिते, वाटते, अधिकाऱ्यांच्या तोंडावर वाचून दाखवते. बाजारात, स्टँडवर, कचेरीच्या आवारात बायकांसाठी सोय नाही, असली तर कुलूप, कुलूप नसलं तर आतून कडी नाही, हे सांगत जिल्हाभर फिरते. चारचौघांत 'मुतारी' म्हणताना माझी जीभ कधी अडखळली नाही. आणि माझी स्वतःची लघवी दिवसभर मला ओरडून काहीतरी सांगत होती, ते मला ऐकू आलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. जोरात मालीश करून घेणाऱ्या, दुसऱ्या दिवशी अंग ठणकलं की खूश होणाऱ्या, आणि घराबाहेर पडताना पाणी टाळणाऱ्या बायकांसाठी. पुरुषांनी वाचायला हरकत नाही. किडन्या त्यांनाही असतात.

पाठीतली ढेकळं

नऊ दिवसांची फेरी होती. चंदगडच्या डोंगरापासून सुरुवात, मग मुरगूड, शेवटी जयसिंगपूर. गाडीतून उतरायचं, गावभर चालायचं, बायकांशी बोलायचं, पुढची गाडी धरायची. दोन्ही खांद्यांना पत्रकांच्या पिशव्या. फेरीच्या दिवशी माझा नियम ठरलेला होता, सकाळी अर्धा कप चहा आणि दुपार कलेपर्यंत तोंडाला पाणी लावायचं नाही. जायची सोय नाही तिथं पिऊन करायचं काय? आमच्या पत्रकात ठळक अक्षरांत ओळ होती, 'सोय नाही म्हणून बायका पाणी पीत नाहीत, हा सावकाश होणारा छळ आहे.' ओळ माझीच. ती कायम दुसऱ्या बायकांबद्दल आहे असं मला का वाटत राहिलं, मला माहीत नाही.

परत आले तेव्हा मान फिरत नव्हती. आई म्हणाली, "गौराक्काकडं जा. एका मालीशीत मोकळी हुशील."

गौराक्का आमच्याच पेठेत राहते. माहेर सीमेपलीकडचं, कानडी मुलखातलं, म्हणून सगळी पेठ तिला अक्का म्हणते. सुरुवात बाळंतिणींचं अंग चोळण्यापासून. आता कुस्ती खेळणाऱ्या पोरीही तिच्याकडं येतात. अंगठा, कोपर, आणि वेळ पडली तर गुडघा. हल्ली काचेच्या दारामागं मंद दिवे लावून 'डीप टिश्यू' म्हणून जे देतात, ते अक्का एका रुंद लाकडी फळीवर, जुनं पातळ अंथरून, गेली कितीतरी वर्षं देते आहे.

तिनं पाठीवरून हात फिरवला. "पाठ हाय का नांगरल्यालं रान? नुसती ढेकळं!"

मग हात थांबवून विचारलं, "पाणी किती प्यालीस सकाळपासनं?"

दाराशी पितळेचा तांब्या भरून ठेवलेला होता. अक्काचा नियमच आहे, आधी पाणी, मग फळी.

"लई प्यालो की, अक्का," मी म्हटलं.

एक घोटसुद्धा प्यायले नव्हते. दुपारी एका तालुक्याच्या कचेरीत निवेदन द्यायला जायचं होतं. तिथं बायकांसाठी सोय नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण निवेदन त्याबद्दलच होतं.

अक्काचा दुसराही एक नियम आहे. मालीश झाली की अंग निवेपर्यंत पाणी नाही. गरम अंगावर पाणी बाधतं म्हणे. हा नियम मला इतका सोयीचा होता की त्याला काही आधार आहे का, हे विचारायची मला गरज वाटली नाही. एरवी मी प्रत्येक परिपत्रकाचा आधार मागते.

"जोरात द्या," मी सांगितलं.

"रडशील."

"रडलो तर नाव बदला माझं."

आमच्याकडं मालीश करून घेताना 'हळू' म्हणणं म्हणजे तांबडा रस्सा पाणी घालून मागणं. कुणी मागत नाही. मी दात आवळून पडून राहिले. अक्काचं कोपर खांद्याच्या पात्याखाली रुतलं तेव्हा डोळ्यांसमोर काजवे चमकले, आणि मला वाटलं, व्वा, हे खरं काम.

लागू पडली

तिथून तशीच गाडी धरली. कचेरीच्या पायऱ्यांवर आम्ही मोहिमेतल्या सातजणी तीन तास उन्हात बसलो. साहेब आले, निवेदन घेतलं, "बघतो" म्हणाले. पाठ पेटली होती. स्टँडजवळच्या मेडिकलमधून दुखण्यावरची गोळी घेतली, रिकाम्या पोटी गिळली. रात्री झोपताना आणखी एक.

दुसऱ्या दिवशी पाठीवर निळे-काळे डाग, दंड सुजलेले, वेणी घालायला हात वर जाईना. "लागू पडली," मी आईला म्हटलं. "आक्शी लागू पडलीया," आई म्हणाली, आणि दुखणं जिरवायला म्हणून तिनं त्याच डागांवर कोमट तेल घालून पुन्हा रगडलं. तिसरी गोळी घेतली. आमच्या घरात त्या दिवशी एकही माणूस चुकीचं वागतंय असं कुणालाच वाटत नव्हतं, हे लिहून ठेवते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो रंग दिसला. मी सब्जा भिजत घातला. दुपारी ओकारी झाली. संध्याकाळी आई माझ्यामागून संडासात गेली आणि तिथूनच ओरडली, "आता गं बया! शुभे, ह्यो काय रंग? रगत हाय का काय?"

"उष्णता हाय."

"गप! गाडी काढाय सांग आबास्नी."

निदानाचा दिवस

डॉक्टरीणबाई वयानं माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी पाठ पाहिली, डाग पाहिले आणि तीन प्रश्न विचारले. काही अंगावर पडलं होतं का? मारहाण झाली का? व्यायाम किंवा मालीश?

मारहाणीचा प्रश्न ऐकून आबा, माझे वडील, दारात उभे होते ते खाली बघायला लागले.

"मालीश," मी म्हटलं. "जोराची."

रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत मी कॉटवर बसून मोबाइलवर कचेरीचा पाठपुरावा करत होते. रिपोर्ट हातात घेऊन त्या आल्या आणि पहिल्यांदा मोबाइल बाजूला ठेवायला लावला.

"स्नायू चेंगरलेत," त्या म्हणाल्या. "चेंगरलेल्या स्नायूंतून जे बाहेर पडतं ते रक्तात उतरतं आणि किडनीच्या गाळणीत जाऊन बसतं. भरपूर पाणी प्यायलेलं शरीर ते बऱ्याच अंशी धुऊन काढतं. तुम्ही कोरड्या होतात. वर दुखण्याच्या गोळ्या, त्याही किडनीला जड. एकेकटी गोष्ट कदाचित निभावली असती. सगळ्या एकदम आल्या."

"मग आता?"

"आता सलाईन. खूप. लघवी वाढली तर आपण जिंकलो. दोन दिवसांत वाढली नाही, तर डायलिसिसला घ्यावं लागेल."

डायलिसिस हा शब्द मी ऐकला आणि मला एकदम शेजारच्या कॉटचा हिरवा पडदा, त्याचा फाटलेला काठ, त्याच्या तीन कड्या निसटलेल्या, एवढंच दिसायला लागलं. एकोणतीस वर्षांची मी. मोर्चात पोलिसांच्या काठीला घाबरले नव्हते. इथं एका गाळणीला घाबरले.

भांडं

वॉर्डातला दिनक्रम एका प्लास्टिकच्या भांड्याभोवती फिरत होता. त्यावर रेघा आणि आकडे. जेवढी लघवी होईल तेवढी त्यात धरायची, सिस्टर येऊन मोजणार, तक्त्यावर लिहिणार. पहिल्या दिवशी तळाशी चार बोटंसुद्धा नाही. काळपट. सिस्टरांनी आकडा लिहिला आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली. ती दुसरी रेघ फार वाईट होती.

आणि सांगू का, मला लाज वाटली. मला! ज्या बाईनं सभेत माइकवर हा विषय मांडला, ती बाई भांड्यावर फडकं झाकून सिस्टरांकडं बघायचं टाळत होती. सिस्टर कोकणातल्या, तोंडानं फटकळ. म्हणाल्या, "झाकता काय? सोनं असल्यासारखं मिरवून दाखवा मला. इथं हेच सोनं."

आई कॉटशेजारी स्टुलावर बसून होती. मोसंबी सोलायची आणि सोलता सोलता बोलायची. "जगाच्या मुताऱ्या बांधाय निघालीस. स्वतःच्या अंगाची काय कदर?" मी म्हटलं, "आई, तूच रगडलीस की त्या डागांवर." बोलले आणि जीभ चावली. आईचे हात थांबले. अर्धी सोललेली मोसंबी तिनं पिशवीत ठेवली आणि उठून व्हरांड्यात गेली. आजारी माणसाला वाटतं, आपल्याला काहीही बोलायचा परवाना आहे. नाही. तो परवाना कुणी देत नाही, आपणच घेतो.

आबा एसटीत कंडक्टर आहेत. ड्यूटी संपली की खाकीतच यायचे, दाराशी उभे राहायचे. माझ्या पत्रकांमुळं डेपोत त्यांना टोमणे बसतात हे मला ठाऊक आहे. त्यांनी कधी सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा कॉटवर बसले. म्हणाले, "मी इतकी वर्षं घंटी मारली. पण कुठल्या बाईला कधी इचारलं न्हाय, तुला उतरायचं हाय का, गाडी थांबवू का." मग टोपी हातात फिरवत बसले. एवढंच. त्यांच्याकडून एवढं म्हणजे अख्खं भाषण.

अक्का आली

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एका कोऱ्या कागदावर नवं पत्रक लिहायला घेतलं. सुईचा हात सरळ ठेवून, वेड्यावाकड्या अक्षरांत. 'मालीशच्या नावाखाली जिवाशी खेळ! अडाणी हातांना आवर घाला!' उद्गारचिन्हं दोन्हीकडं. राग आला की मला बरं वाटतं, ही माझी जुनी खोड आहे. आईनं वाचलं, म्हणाली, "लिही, लिही. नाव घालून लिही तिचं."

आणि चारच्या भेटीच्या वेळेला गौराक्का दारात. नऊवारी, हातात कापडी पिशवी, पिशवीत शहाळी.

आई उठलीच. "कशाला आलीस? बघाय? तुझ्या कोपरानं पोरीची किडनी बसली!"

अक्का आईकडं न बघता माझ्याकडं आली. पाठीवरचा डाग गाऊनच्या बंदांमधून दिसत होता. तिनं हात पुढं केला, पण लावला नाही.

"शुभे, मी तुला इचारलं न्हवं, पाणी प्यालीस का म्हणून?"

वॉर्डात पंखा फिरत होता. आई माझ्याकडं बघत होती. डॉक्टरीणबाई पलीकडच्या कॉटपाशी होत्या, त्याही थांबल्या असाव्यात, किंवा मला तसं वाटलं. माझ्या मांडीवर ते पत्रक होतं, ओली शाई.

"इचारलं," मी म्हटलं.

"काय म्हणालीस?"

"लई प्यालो म्हणालो."

"आणि?"

"खोटं बोललो, अक्का. घोटभरबी न्हाय. पुढं सोय नव्हती म्हणून."

आई "अगं..." म्हणत कॉटच्या कडेला टेकली. अक्का जिंकल्यासारखी बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. ती स्टूल ओढून बसली. म्हणाली, "तू खोटं बोललीस ते बोललीस. पर सुकं अंग हाताखाली कळतंय. रबरासारखं वढतंय. मला कळलंतं. भाईर दोन पोरी बसल्यात्या, मी घाईत हुतो. म्हणलं, पोरगी सोसतीया, दे दणका."

मग तिनंच डॉक्टरीणबाईंना हाक मारली. "बाई, मालीश झाल्यावर पाणी द्यायचं न्हाय म्हणत्यात, ते खरं का खोटं?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"माझ्या सासूनं."

"सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि पाणी द्या. आधीही, नंतरही."

"सासू वर गेली की," अक्का म्हणाली, "तिथं गेलो की सांगतो."

पहिल्यांदा आई हसली. मग रडली. मग पिशवीतून ती अर्धी मोसंबी काढून सोलायला लागली, आणि पहिली फोड अक्काला दिली.

मी ते पत्रक फाडलं नाही. ते एकाच बाजूचं होतं, हे मला कळलं होतं. ते घडी करून उशीखाली ठेवलं.

त्या रात्री काही झालं नाही. चमत्कार वगैरे नाही. पण तिसऱ्या दिवशी सकाळी भांडं निम्म्यावर भरलं आणि रंग कोऱ्या चहावरून उसाच्या रसावर आला. सिस्टरांनी ते खिडकीकडं उजेडात धरून पाहिलं आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मॅडमचं सोनं आलं हो!" मी फडकं मागितलं नाही. दुपारी पुन्हा भांडं भरलं. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी तक्ता पाहिला आणि डायलिसिस हा शब्द पुन्हा उच्चारला नाही. आठव्या दिवशी मी घरी होते.

नंतरचे सहा आठवडे

घरी आल्यावर मी बरी झाले असं सगळ्यांना वाटलं, मला सोडून. जिन्याच्या चौथ्या पायरीला मांड्या थरथरायच्या. बादली उचलायची नाही, पिशवी खांद्याला नाही, गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पहिले काही दिवस रंकाळ्यापर्यंत चालत जायचे आणि रिक्षानं परत यायचे. मग एक दिवस चालत परत आले. रक्त तपासायला तीनदा गेले, आणि तिन्ही वेळा आकडे खाली आले.

जे मला कुणी आधी सांगायला हवं होतं ते सांगते. मालीशच्या आधी आणि नंतर पाणी प्या. डॉक्टरांनी तुम्हाला पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर त्यांना विचारून. मालीश झाली की त्या दिवशी उन्हात बसायचं नाही, ओझं नाही, जोर-बैठका नाहीत. साधं जेवा, लवकर झोपा. एक-दोन दिवस अंग आंबल्यासारखं राहतं, ते ठीक. पण दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, सूज आली, हातापायांत जोर राहिला नाही, तर ती मालीश लागू पडलेली नाही, ती लागलेली आहे. काळ्यानिळ्या डागावर परत चोळायचं नाही, आईनं केलं तरी नाही. गार पाण्याची पट्टी ठेवायची. आणि लघवी कमी झाली किंवा तिचा रंग काळसर, लालसर दिसला, तर सब्जा भिजवत बसू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना. लाजेपायी एक दिवस दवडला की गाळणीचा एक दिवस जातो.

आणि 'हळू' म्हणा. तोंड आहे ना? मग म्हणा.

पत्रक निघालं. उशीखालच्या कागदाच्या दुसऱ्या बाजूवर लिहिलं. पहिली ओळ, 'मी मालीश करणाऱ्या बाईशी खोटं बोलले, कारण पुढच्या कचेरीत बायकांना जायला जागा नव्हती.' दोष माझा, तो मी मान्य केला आहे. पण त्या कचेरीला मी सोडलेलं नाही. आमच्या सातजणींपैकी कुणीच त्या दिवशी पाणी प्यायलं नव्हतं, मी फक्त पहिली पडले. साहेबांच्या टेबलावर पत्रक ठेवलं, शेजारी रक्ताचा रिपोर्ट ठेवला. साहेब या खेपेला "बघतो" म्हणाले नाहीत. खुर्चीवरून उठून जागा दाखवायला स्वतः चालत आले. काम सुरू झालं आहे. झालं की नाही हे बघायला मी जाते आहे, दर आठवड्याला, पाणी पिऊन.

आबांच्या गाडीत आता मोठ्या थांब्यावर एक हाळी ऐकू येते: "बायामाणसांनी मोकळं होऊन या, गाडी थांबतीया!" कोण हसतं, कोण उतरतं. उतरणाऱ्या जास्त असतात.

फळी

डॉक्टरीणबाईंनी हलक्या मालीशीला परवानगी दिली त्याच आठवड्यात मी गौराक्काकडं गेले. आई म्हणाली, "परत?" मी म्हटलं, "परत."

दाराशी तांब्या होताच. आता शेजारी पेलाही होता. अक्कानं भरून हातात दिला आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "पी. माझ्याम्होरं पी. तुझ्या शब्दावर इस्वास न्हाय माझा."

प्यायले. आणखी एक भरला. प्यायले.

"गोळी कसली चालू हाय?"

"न्हाय."

"ताप? उपास? कुठं पळापळ?"

"न्हाय, अक्का. तुम्ही डॉक्टर झालाय की."

"गप पड पालथी."

तिनं हात लावला. अंगठा खांद्याच्या पात्यापाशी आला, थोडा रुतला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, "हळू."

"हांऽऽ," अक्का म्हणाली, आणि हात हलका झाला.

अर्ध्यावर आल्यावर पोटात दाटायला लागलं. मी जुन्या सवयीनं आवळून धरलं. किती कचेऱ्यांत, किती साहेबांना, किती स्टँडमास्तरांना मी एक प्रश्न विचारला आहे. आवाज चढवून विचारला आहे. स्वतःसाठी, अंगावर तेल असताना, कुणाच्या घरात, कधीच विचारलेला नव्हता. त्या जोराच्या मालीशीच्या सकाळी तो इथंच विचारला असता तर मी पाणी प्यायले असते. मधलं सगळं टळलं असतं.

मी कोपरावर उठले.

"अक्का, तुमच्याकडं सोय कुठं हाय?"

"मागल्या दारी. कडी आतनं हाय बघ," ती म्हणाली, जणू कुणी पाण्याचा माठ कुठं आहे विचारावं.

मी पातळ गुंडाळून मागच्या दारी गेले, कडी घातली, रंग बघितला. परत आले तेव्हा अक्कानं पेला पुन्हा भरून ठेवला होता.